दातांच्या तारा कुणी ठरवल्या

प्रिय माई,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला अर्धं परतूर लोटलं होतं. बुद्धवंदना झाली आणि मग एकेक जण बोलायला उभा राहिला. कुणी तुझ्या शिलाईबद्दल बोललं, कुणी तुझ्या भरल्या वांग्याबद्दल. तुझ्या बाळूनं, माझ्या धाकट्या भावानं, गणिताच्या पेपरला तू त्याचा कान धरून त्याला शाळेच्या फाटकात कसं सोडून आल्तीस ते सांगितलं आणि सगळा मांडव हसला. मग म्हणाले, ताई, तुम्ही थोरल्या, तुम्ही बोला. जन्मभर पोरांपुढं बोलून पोट भरलेली मी! उभी राहिले आणि शब्द फुटला नाही.

लोकांना वाटलं, दुःखानं. खरं सांगू का? मला राहून राहून दातांचीच गोष्ट आठवत होती, आणि माणूस गेल्यावर भरलेल्या मांडवात दातांची गोष्ट कुठून सुरू करायची ते मला कळेना. म्हणून आता निवांत लिहून राह्यले. घरात कुणी नाही. तू ऐक.

तू आमच्या घरात आलीस तेव्हा मी बारा वर्षांची होते. आई जाऊन चारेक वर्षं झाली होती. आबा परतूर स्टेशनवर माल बाबू. दिवसभर मालधक्क्यावर कापसाच्या गाठी आणि ज्वारीची पोती, आणि संध्याकाळी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये येऊन माझ्यासाठी जाड, अर्धकच्च्या भाकरी. तू अंबडकडून आलीस ती हातानं फिरवायचं शिलाई मशीन सोबत घेऊन. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तू मला विचारलंस, "डोक्याला तेल लावू का?" मी मानेनं नाही म्हटलं. तू पुन्हा कधी विचारलं नाहीस. तेव्हा मला किती राग आला होता, माहीत आहे? दुसऱ्यांदा विचारायला तुझं काय जात होतं?

तुला हाक काय मारायची, हेही माझं ठरत नव्हतं. काम पडलं की मी तुझ्याजवळ येऊन नुसती उभी राहायचे. तू मशीनवर खाली मान घालून असलीस तर मी पेल्यावर पेला आपटायचे. तू वर बघायचीस. दोन वर्षं आपण दोघींनी अशी काढली, पेले वाजवत.

आणि माझे ते दात! वरचे पुढचे, असे पुढं आलेले की ओठ मिटायचा म्हटला तर हनुवटीला सुरकुत्या पडायच्या. वर्गातली मुलं म्हणायची, सुजाताच्या घरी नारळ खवायला खवणी लागत नाही. तेवढं मी पचवलं होतं. पण नववीत पंधरा ऑगस्टला गुरुजींनी मला भाषणाला उभं केलं. पाठांतर पक्कं होतं. घसा साफ केला आणि म्हणाले, "वंधू आणि वगिनींनो." ओठाला ओठ लागेचना, तर 'ब' कुठून येणार? आधी मागची रांग हसली, मग सगळं मैदान. भाषण मी पुरं केलं, ते मात्र खरं. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव 'वगिनी' पडलं आणि मी वर्गात मोठ्यानं धडा वाचायचं सोडलं.

तू त्या दिवशी बायकांमध्ये उभी होतीस. घरी आल्यावर मला वाटलं, आता तू कीव करशील. तू चूल पेटवत होतीस. म्हणालीस, "शेवटपर्यंत बोललीस." आणि पुन्हा फुंकणी हातात घेतलीस.

त्याच दिवाळीच्या आधी रेल्वेचे डॉक्टर लाइनवरच्या लोकांना तपासायला आल्ते. माझा घसा बघायला म्हणून त्यांनी तोंड उघडायला लावलं आणि घसा सोडून दातच बघत बसले. आबांना म्हणाले, पोरीचे खालचे दात वर टाळूला रुतून जखम करून राह्यलेत, आणि कुठं पडली-बिडली तर हे पुढचे आधी तुटतील. हैदराबादला सरकारी दातांचा दवाखाना आहे. तिथं दातांना तारा बांधून ते हळूहळू मागं ओढतात. वय बराबर आहे, घेऊन जा.

आबांचा विज्ञानावर भारी भरवसा. माणूस चंद्रावर जाऊन आला, म्हणाले, दात बोटभर मागं जायला काय हरकत? आत्या जालन्याहून आली, तिला तर हर्षच झाला. पोरीच्या लग्नाचं अर्धं काम झालं म्हणाली. सगळे माझ्याकडं बघायला लागले, आणि मी म्हणाले, मला तारा नको. का नको? सांगणार नाही. दुखायला भितेस का? नाही. मग? मग काही नाही.

आबा आधी समजावत होते, मग चिडले, मग माझ्याशी बोलायचे थांबले. आत्यानं जे सांगितलं ते मी दाराआडून ऐकलं. ती तुला सांगत होती की आता तूच काय ते बघ. माई, तेव्हा मला समजलं नव्हतं, पण आता समजतं. तू तारा बसवा म्हणाली असतीस तर लोक म्हणणार होते, सावत्र आईनं लेकराच्या तोंडात लोखंड भरलं. नको म्हणाली असतीस तर म्हणणार होते, सावत्र आईला पोरीचं बरं बघवत नाही. दोन्ही वाक्यं गल्लीत तयारच होती. त्या दिवसांत तू इतकी गप्प कशी राहू शकलीस?

एका दुपारी आबांनी आत्यासमोर तुला थेट विचारलं की तुझं काय म्हणणं आहे. तू सुईत दोरा ओवत होतीस. दोरा ओवून झाल्यावर म्हणालीस, "दात तिचे हायेत. तिला विचारते."

आत्या म्हणाली, "एवढ्याशा पोरीला काय विचारायचं?"

"परकराचं माप घेताना बी मी विचारते, सैल पाहिजे का घट्ट. हे तर तोंड हाय."

आत्या त्या संध्याकाळच्याच गाडीनं परत गेली.

आणि तू खरंच विचारलंस. मी तुझ्याजवळ बसून एका जुन्या झंपरची शिलाई उसवत होते. मशीन चालूच होतं. तू माझ्याकडं न बघता विचारलंस, "तुला तारा नको हायेत, का कारण सांगायचं न्हाई?"

"कारण सांगायचं नाही."

"मला न्हाई सांगायचं, का कुनालाच न्हाई?"

मी बराच वेळ दोरे ओढत बसले. मग म्हणाले, टेंभुर्णीच्या आजीला सांगीन.

मशीन थांबलं. टेंभुर्णीची आजी म्हणजे माझ्या आईची आई. आबांचं दुसरं लग्न झाल्यापासून तिकडून कुणी आलं नव्हतं आणि इकडून कुणी गेलं नव्हतं. आजीला पत्र टाकलं होतं, पण ती लग्नाला आली नाही. त्या घराच्या उंबऱ्यावर आबांनाही जायला तोंड नव्हतं, तर तुझं काय? तू झालेल्या शिलाईचा दोरा दातानं तोडलास आणि म्हणालीस, "मंग टेंभुर्णीला जाऊ."

आबा म्हणाले, तुम्ही दोघी पुढं व्हा, मी मागून येतो. ते काही आले नाहीत. त्यांचीही मला दया येते आता.

आपण जालन्यापर्यंत रेल्वेनं गेलो आणि तिथून एसटीत बसलो. तुला बस लागते हे तू घरात कुणालाच का सांगितलं नव्हतंस? जालना सुटल्यावर तुझा चेहरा पांढरा पडत गेला आणि मग तू खिडकीबाहेर अशी वाकलीस की मला वाटलं, आता ही खाली पडते. मी तुझं कपाळ धरलं. कंडक्टरनं बस थांबवली, कुणीतरी तांब्या दिला. तू चूळ भरलीस, पदरानं तोंड पुसलंस आणि सगळ्या बसची माफी मागितल्यासारखी बसलीस. मला हळूच म्हणालीस, "तुझ्या आबाला सांगू नको." त्यावर मला हसू आलं, आणि सवयीनं मी तोंडावर हात धरला. तूही हसलीस. तुझं कपाळ धरलं तेव्हा मी तुला पहिल्यांदा हात लावला होता, माई. घामानं गार पडलं होतं. आणि तू मला वाटत होतीस तेवढी मोठी नव्हतीसच. माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठी, एवढंच.

आजी दारात तूर पाखडत बसली होती. मी पळत जाऊन तिच्या गळ्यात पडले. तू मात्र लिंबाखालीच थांबलीस, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून. आजीनं सूप खाली ठेवलं आणि तुझ्याकडं बघत राहिली. तू येऊन तिच्या पायाशी वाकलीस. आजी म्हणाली, "शांता का तू?" तू हो म्हणालीस.

"माझ्या लेकीच्या जागी आलीस, मंग लेकीवानी आत ये की. भाईर का थांबलीस?"

तुझं पोट ढवळलेलं ऐकून आजीनं तुला नुसती भाकर आणि जवसाची चटणी दिली. जेवणं झाली. तू घागर उचललीस आणि विहीर कुठं आहे ते विचारून निघून गेलीस. पाणी घरात भरपूर होतं. तू का गेलीस, ते आजीलाही कळलं आणि मलाही.

मग मी आजीला सांगितलं. टेंभुर्णीत मला जो तो म्हणायचा, अगदी कमळाची बत्तिशी घेतलीय पोरीनं. कमळ म्हणजे माझी आई. माझं नाक आबांचं, रंग आबांचा, केस आत्याचे. आईकडून आलेले हे एवढे दातच. तिचा चेहरा मला आठवेनासा झाला होता. डोळे मिटले की नुसतं लुगडं दिसायचं. पण जीभ दातांच्या मागून फिरवली की वाटायचं, ही आई, इथं आहे. आता तेच दात मागं ओढून सरळ करायचे? मग आई राहिली कुठं?

मला वाटलं, आजी रडेल. तिनं पदरानं डोळे पुसले, पण मग ती जे बोलली त्यासाठी मी तयार नव्हते. ती म्हणाली, कमळ तुझ्याएवढी होती तेव्हा रोज संध्याकाळी चुलीपुढं बसून अंगठ्यानं दात आत दाबायची. कुणीतरी सांगितलं होतं की असं केलं की दात बसतात. अंगठ्याला वळ पडायचे. बघायला आबांकडची माणसं आली तेव्हा पदर तोंडावर धरून इतकी कमी बोलली की त्यांना वाटलं, पोरगी फार शांत स्वभावाची आहे. "तिला लई नको व्हते गं हे दात," आजी म्हणाली. "मी म्हनायची, माझ्या बापाकडून आलेत, लाजायचं काय त्यात? न्हाई ऐकलं तिनं."

माई, मला काय झालं ते तुला कधी नीट सांगितलं नाही. दाराच्या फटीत बोटं चेमटल्यासारखं झालं. जे मी जिवापाड सांभाळत होते, ते ती जन्मभर पदराआड लपवत होती! मला आजीचा राग आला, आईचा राग आला. तेवढ्यात तू घागर घेऊन आलीस, आणि आजीनं माझ्यासमोरच तुला सगळं सांगून टाकलं. माझं गुपित आणि आईचंही.

मी भिंतीकडं तोंड करून बसले. मला पक्कं माहीत होतं, आता तू काय म्हणणार. आबा म्हणाले असते, आत्या तर तीनदा म्हणाली असती: बघ, तुझ्या आईची पण हीच इच्छा होती. झालं, आता मुकाट्यानं तारा बसवून घे. तू घागर चुंबळीवर नीट टेकवलीस. म्हणालीस, "तिला नको व्हते म्हनून तुला नको व्हावेत, असं काही न्हाई. आईला न आवडलेली गोष्ट लेकीला आवडू शकते. आनि उद्या तुला बसवावं वाटलं, तर तिच्यासाठी थांबू नको."

एवढंच बोललीस. दुसऱ्या दिवशी निघताना आजीनं तुला मुगाचं आणि जोंधळ्याचं गाठोडं बांधून दिलं, लेक माहेराहून निघाली की देतात तसं. बसमध्ये तू ते मांडीवर घेऊन बसलीस आणि त्या दिवशी तुला बस लागली नाही. की लागली होती आणि गाठोड्यासाठी तू दम धरलास?

घरी आल्यावर तू म्हणालीस, आता डॉक्टरला विचारायचं तेवढं राह्यलं. दुखतं किती, दिवस किती लागतात, आणि नंतर नको वाटलं तर मागं फिरता येतं का. कापडाला कात्री लावायच्या आधी विचारलेलं बरं. आबांनी पास काढला आणि आपण तिघं हैदराबादच्या गाडीत बसलो.

ते डॉक्टर तुला आठवत असतील. मेंदी लावलेली दाढी, पांढरा कोट, बोलणं असं गोड की आबा पहिल्या मिनिटातच त्यांचे झाले आणि चंद्रावरच्या माणसाचं सांगायला लागले. डॉक्टरांनी हात वर केला. "बाबूसाब, जरा ठहरो. बच्ची से पूछने दो." मग मला विचारलं, तुम क्या चाहते? मी म्हणाले, मालूम नहीं. ते म्हणाले, "अच्छा है. जिनकू पहले से सब मालूम रहता, उनके दांत सीधे करना बडा मुश्किल."

मग त्यांनी सगळं सांगितलं, तुझ्या तिन्ही प्रश्नांसकट. जागा करायला बाजूचे चार दात काढावे लागतील. साधारण दोन वर्षं. महिन्या-दीड महिन्यानं यायचं, तारा आवळल्या की दोन-चार दिवस ठणकणार. ऊस नाही, हुरडा नाही, चिक्की नाही. काढलेले दात परत येत नाहीत. आणि तारा नाही बसवल्या तरी पोरगी जगेल, फक्त टाळूची जखम सांभाळावी लागेल. चार दात काढायचं ऐकून आबा खुर्चीत बसले आणि त्यांचं विज्ञान थोडा वेळ बंद पडलं.

दवाखान्यात फळीवर प्लास्टरच्या दातांच्या रांगा होत्या. आलेल्या प्रत्येकाच्या दातांचा साचा. माझाही घेतला. पळीत गुलाबी पिठासारखा गिळगिळीत लगदा भरून तोंडात दाबला आणि माझ्या पोटातलं सगळं वर यायला लागलं. तू माझं कपाळ धरलंस. कानाशी म्हणालीस, "फिटंफाट झाली." तोंडात लगदा, आणि मला हसू!

मग तू फळीकडं बराच वेळ बघत होतीस. डॉक्टरांना तुझ्या हिंदीत विचारलंस, "डाक्टरसाब, ये साचा एक हमकू मिलता क्या? घर ले जाने का हाय." त्यांनी विचारलं, घरी कशाला? तू माझ्याकडं बघितलंस. मी मानेनं हो म्हटलं. तेव्हाच तू म्हणालीस, "इसके मां के दांत हैं ये."

डॉक्टरांनी आपल्या माणसाला दोन साचे ओतायला सांगितले आणि एक कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. म्हणाले, "एक हमारा, एक अम्मा का."

परतूरला आल्यावरही तू मला काही विचारलं नाहीस. साचा आरशाशेजारच्या फळीवर होता. मी जाता-येता त्याच्यामागून बोट फिरवायचे. तो थंड होता, खडबडीत होता, पण सगळे दात जिथल्या तिथं होते. असे दिवस गेले. एके दिवशी गुरुजींनी वर्गात विचारलं, सव्वीस जानेवारीला कोण बोलणार? आणि माझा हात वर जायला निघाला. मी तो धरून खाली ठेवला. त्या क्षणी मला कळलं की मला काय पाहिजे. मला ओठ मिटून 'ब' म्हणायचा होता. लग्न, विज्ञान, आई, सगळं त्याच्या मागं राहिलं.

शाळा सुटल्यावर मी थेट मालधक्क्यावर गेले. आबा पोत्यांच्या थप्पीपाशी उभे होते. मी म्हणाले, "आबा, पास काढा."

"कुणाचा?"

"तिघांचा. हैदराबादचा."

आबांनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा लावली आणि सगळ्या हमालांना चहा सांगितला. कशाचा चहा, हे त्या बिचाऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

ती दोन वर्षं किती गमतीची होती, नाही का? ठणका होताच. तू वरणात भाकरी इतकी मऊ कुस्करायचीस की चावायला काही उरू नये. शाळेत माझं 'वगिनी' जाऊन 'मीटरगेज' झालं. रेल्वेवाल्याची पोरगी, तोंडात रूळ! स्टेशनमास्तर मला बघितलं की विचारायचे, काय, आज लाइन क्लिअर का? मीही त्यांना दात दाखवायला शिकले. हुरड्याच्या दिवसांत शेतावर सगळे कणसं भाजून खात होते आणि तू ताक पीत बसलीस. तुला हुरडा पचत नाही म्हणालीस. पुढं कितीतरी वर्षं मी तुला पसापसा हुरडा खाताना बघितलं, तेव्हा कुठं मला ते खोटं उमगलं.

आणि हमीदाखाला! त्या शेजारीण, आपल्या नव्या झंपरचे हूक घ्यायला आल्या. तू म्हणालीस, डब्यात आहेत, घ्या. गल्लीतली मुलं साच्याशी खेळतात म्हणून तू तो बटणांच्या डब्यात ठेवला होतास, आणि विसरली होतीस. त्यांनी झाकण उघडलं आणि या अल्ला म्हणून किंचाळल्या. "किसके हैं ये?" तू मशीनवरून मान वर न करता म्हणालीस, "सुजाताच्या आईचे." त्या हूक न घेताच गेल्या. दोन दिवस आपल्या दारावरून गेल्या नाहीत.

तारा बसवून महिना-दोन महिने झाले असतील, आत्या आली. मी वरणाचा काला खात होते, ओठ सुजलेला, तोंडात फोड आलेले. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तुला म्हणाली की पोटची असती तर असं तोंड तारांनी शिवलं असतंस का? तारांची सगळ्यात जास्त हौस तिलाच होती, हे ती विसरली होती. ताटातला काला मला जाईना.

मी म्हणाले, "आत्या, हे मी ठरवलं. माईनं नुसतं विचारलं."

'माई' हा शब्द कुठून आला, मला विचारू नकोस. मी तो आधी मनातही म्हटलेला नव्हता. तारांतून तो अर्धाच बाहेर पडला. तू उठून आत गेलीस आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासायला बसलीस. त्या दिवसानंतर मला पेले वाजवायची गरज पडली नाही.

तारा निघाल्यावर कॉलेजात जायच्या आधी शाळेनं मला एकदा बोलायला बोलावलं. मी उभी राहिले, म्हणाले, "बंधू आणि भगिनींनो." कुणी हसलं नाही. कुणी टाळीही वाजवली नाही. साध्या भाषणाला लोक जसे बसतात तसे बसले होते, शेंगा खात. मला मात्र बायकांच्या गर्दीत तू दिसलीस. तुझे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

डॉक्टरांनी झोपताना लावायला एक पट्टी दिली होती. मी आळशी. चार महिने लावली, मग कपाटात टाकली. वर्षाभरात पुढचे दोन दात जरासे पुढं सरकले. मी घाबरून तुला दाखवले. तू उजेडात नेऊन बघितलंस आणि म्हणालीस, "कमळाबाईला राहवलं न्हाई. बघ, आली थोडी पुढं." आपण दोघी पायरीवर बसून हसलो. ते आजही तसेच आहेत.

टेंभुर्णीला तू दर उन्हाळ्यात जात राहिलीस, दर वेळी बसमध्ये कपाळ धरून. आजीच्या शेवटच्या दुखण्यात महिनाभर तूच तिच्या उशाशी होतीस. गावातल्या बाया म्हणायच्या, म्हातारीला दोन लेकी. मला एकदाही सांगितलं नाहीस की मी थकले. का नाही सांगितलंस?

मग तुझी पाळी आली. तुझे दात हलायला लागले, एकेक करून गेले. मी शहाणी झाले होते; मी विचारलं, "माई, कवळी बसवायची का?" तू दोन दिवस विचार केलास. मग म्हणालीस, आधी डॉक्टरला विचारू. जालन्याच्या त्या पोरसवदा डॉक्टरला तू विचारलंस, दुखतं किती, दिवस किती, आणि मागं फिरता येतं का. कवळी आली. तू आठवडाभर वापरलीस आणि एका सकाळी काढून पेल्यात ठेवलीस. "नको. तोंडात पाहुणा येऊन बसल्यावानी वाटतं." मी विचारलं, नक्की? "नक्की. ठरवलं." पुढची सात-आठ वर्षं तू दुधात भाकरी बुडवून खाल्लीस, पेरू चमच्यानं खरवडून खाल्लास, आणि बोळक्या तोंडानं पतवंडांकडं बघून दृष्ट लागेल असं हसलीस.

तू गेलीस त्या दिवशी बायकांनी तुला आंघोळ घातली, पांढरं लुगडं नेसवलं. बाळूच्या सासूबाई म्हणाल्या, कवळी कपाटात आहे ना, ती लावा, चेहरा बसका दिसतोय, लोक शेवटचं बघायला येणार. त्यांचा हेतू वाईट नव्हता. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हणाले, "नको. तिनं ठरवलेलं आहे." तुला तशीच नेलं, माई, जशी होतीस तशी.

आता भिंतीवर लावायच्या फोटोचं चाललंय. बाळूला त्याच्या लग्नातला फोटो पाहिजे, जरीच्या साडीतला. त्यात तू ओठ आवळून अशी उभी आहेस जसं कुणी तुझ्या नावावर वॉरंट काढलंय. मी दुसरा दिलाय. मागच्या उन्हाळ्यात अंगणात घरातल्या पोरीनं मोबाइलवर काढला होता. डोळे मिटलेले, तोंड उघडं, आत एकही दात नाही, आणि सगळी तू हसून राह्यलीस. फोटोवाला म्हणाला, ताई, कंप्युटरवर छान दात बसवून देतो, कळणारही नाही. मी त्याला म्हणाले, बाबा, हात लावू नको.

तुला वचन देते. रविवारी तोच फोटो पुढच्या खोलीत लागेल, आहे तसा. मी असेपर्यंत तुझ्या हसण्याला कुणी दात बसवणार नाही.

जयभीम, माई.

तुझी थोरली,
सुजाता